कोजागिरी, पन्नास मिनिटं आणि निरोपाचं भाषण

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळाच्या कोजागिरीला दीपप्रज्वलन, अहवालवाचन, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार हे सगळं पावणेनऊपर्यंत उरकतं. मग नऊ ते नऊ पन्नास आपल्या पोरांचा पंक बँड, म्हणजे वेगवान, साधं-रोखठोक रॉक. दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो आणि दुधाला चंद्र वर यावा लागतो, म्हणून बँड आधी, दूध नंतर. कोजागिरीच का, तर बडोद्यात नवरात्रात साऊंडवाला मिळत नाही. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी पौर्णिमा येते, तोवर गरब्याचे स्पीकर मोकळे झालेले असतात आणि भाडंही उतरलेलं असतं.

बँड उभा केला लेझीम पथकातल्या चौघांनी. पंकचा आद्य अमेरिकन बँड रामोन्स १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबात पहिल्यांदा वाजला. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमात १४ गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. तेवढ्यावर या चौघांना धीर आला. ज्या शहरात सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, तिथल्या जुन्या कानांना हे पटायला वेळ लागला, पण समजावलंही त्यांच्याच भाषेत: पंक गिटार ज्यावर चालते त्या पॉवर कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम एवढेच स्वर, गंधार नाही. म्हणून डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज, कितीही चढवलं तरी आवाज गढूळ होत नाही. अवघड आहे ते मनगट. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्याला दोन फटके, तेही सगळे वरून खाली. सातव्या-आठव्या गाण्याला हात भरून येतो, म्हणून तिथे मुद्दाम बेस आणि ड्रमवर चालणारं गाणं ठेवतात.

अंगणातल्या कोटा फरशीवर किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, पुढे सरकतो. खाली सतरंजी आणि पुढे दोन विटा, याला पर्याय नाही. स्पीकर गायकाच्या पुढच्या रेषेत हवेत. मागे राहिले की माइक शीळ घालतो, आणि गायकाने माइकची जाळी मुठीत धरली तर जास्तच. गिटारचा अँप्लिफायर आणि साऊंडचा मिक्सर एकाच बोर्डावरून घ्यायचे, नाहीतर घरघर सुटते. दिव्यांच्या माळा वेगळ्या लाइनवर. गिटार अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवायची आणि मगच सुरात लावायची. खोलीत लावलेला सूर मोकळ्या हवेत टिकत नाही.

पण दरवर्षी गळा दाटून येतो तो शेवटच्या गाण्याआधीच्या दोन मिनिटांनी. नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला निघालेला गडी माइक हातात घेतो. आभार वगैरे काही नाही. स्नेअर ड्रमच्या खालची तारांची पट्टी कधी बदलली, कुठल्या केबलचं टोक डाखलेलं आहे आणि ती वाकवायची नाही, तिसऱ्या गाण्यात लय का पळते, एवढंच सांगतो. पुढची मुलगी किंवा मुलगा शेजारी उभा राहून ऐकतो, काठ्या नाहीतर गिटार हातात घेतो आणि शेवटचं गाणं तोच वाजवतो. मूळ चौघांपैकी आज मंचावर कोणी नाही. बँड मात्र तोच आहे, आणि २०२० च्या खंडानंतरही तो याच रीतीने पुन्हा उभा राहिला. हे ऐकायला मागच्या चार रांगा रिकाम्या असाव्यात आणि सव्वादहाला दुधासाठी जिन्यापर्यंत रांग लागावी, याचं वाईट वाटतं. यंदा तरी मंडळींनी नऊला खुर्चीत असावं.

ऋणनिर्देशात कोणी राहू नये. सरावासाठी गच्चीवरची खोली देणाऱ्या आणि दुपारी दोन ते चार शांतता पाळायला लावणाऱ्या आजी. सतरंज्या देणारे मंडपवाले काका. डाखकाम फुकट करून देणारे रेडिओ दुरुस्तीवाले. सेव-उसळीचं पातेलं पाठवणाऱ्या शेजारच्या काकू, चारोळी निवडणाऱ्या भगिनी, विटा वाहून परत नेऊन ठेवणारी आठवीतली मुलं. गाण्यांतलं मराठी तपासून देणाऱ्या निवृत्त बाई. ‘ळ’ गिळला की त्या सरावातच थांबवतात. एक्स्टेन्शन बोर्ड देणारे पहिल्या मजल्यावरचे भाऊ, ज्यांचं नाव मागच्या अहवालात सुटलं. आणि पूर्ण पन्नास मिनिटं मेन स्विचपाशी उभे राहणारे आपले वायरमन दादा. तो स्विच जिन्याखाली आहे, तिथून मंच दिसत नाही.