त्रिलोक गुर्टूंची बैठक

ड्रमसेट वाजवणारा स्टुलावर बसतो. तबला आणि ड्रम्स दोन्ही वाजवणारे तालवादक त्रिलोक गुर्टू जमिनीवर बसतात, अर्धवट गुडघ्यावर. तबला आणि ड्रम्स एकत्र घेणारे आज पुष्कळ आहेत, पण बहुतेकांच्या मांडणीत ड्रमसेट मुख्य असतो आणि तबला बाजूच्या टेबलावर, तोंडी लावण्यापुरता. गुर्टूंनी ड्रमसेटच तबल्याच्या पातळीवर खाली उतरवला. रॉक, जॅझ, आफ्रिकी ताल असं काहीही वाजवताना त्यांचा हात ओळखू येतो तो या बैठकीमुळे.

बैठक घरातलीच होती. जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९५१ चा. आई शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या भानुमती शिरोडकर, ठुमरी-दादऱ्यातलं मोठं नाव. ठुमरीच्या शेवटाकडे तबल्यावर लग्गी सुरू होते: छोटा तुकडा, लय वाढलेली, दर फेरीत थोडा बदल. गुर्टूंचं ड्रम्सवरचं द्रुत वादन ऐकताना मला तीच घडण ऐकू येते. लहानपणी पाश्चात्त्य रेकॉर्डी ऐकून वाजवायला बसायचे तेव्हा एकावर एक ध्वनिमुद्रण करता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन-चार जणांचं वादन एकाच माणसाचं समजून ते सगळं एकट्यानं वाजवायचा प्रयत्न करायचे. दोन हात, दोन पाय आणि तोंड स्वतंत्र चालवण्याची सवय तिथली.

आता मांडणी. नेहमीच्या ड्रमसेटमधला उभा गोल बेस ड्रम इथे नसतो. त्याजागी खास बनवून घेतलेला, जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या स्पीकरसारखा दिसणारा ड्रम. भोवती तबला-डग्गा, टॉम, कोंगा, ढोलक, घंटा, शंख-शिंपल्यांच्या माळा. घरी अशी मांडणी करून पाहायची असेल तर तबल्यापासून सुरुवात करा. चुंबळीवर ठेवलेल्या दायाँचं (उजव्या हाताच्या तबल्याचं) तोंड जमिनीपासून साधारण एक फुटावर येतं. स्नेअर (ड्रमसेटमधला चपटा, कडक आवाजाचा ड्रम) आणि टॉम (त्याच्या भोवतीचे खोल ड्रम) त्याच उंचीवर आणायचे, म्हणजे लहान टॉमसुद्धा स्नेअरच्या बुटक्या स्टँडवर बसवायचे आणि झांजांचे स्टँड पूर्ण खाली घ्यायचे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे झांजा जुन्याच उंचीवर ठेवणं. मग प्रत्येक क्रॅशला, म्हणजे झांजेवरच्या जोरदार ठोक्याला, खांदा वर जातो, आणि त्याच हातानं लगेच तबल्यावर ‘ना’ वाजवायचा तर चाटीवर (तबल्याच्या काठाच्या पट्टीवर) बोट नीट पडत नाही. दुसरी अडचण पायाची. खाली बसल्यावर मांडीचं वजन पेडलवर येत नाही, सगळी ताकद घोट्यातून काढावी लागते, म्हणून पेडलची स्प्रिंग सैल हवी. डग्गा बेस ड्रमपासून लांब ठेवा. जवळ असला तर बेसच्या प्रत्येक ठोक्याला त्याची पुडी (तोंडावरचं कातडं) आपोआप घुमते आणि माइकमधून नुसता गदारोळ ऐकू येतो.

तबल्याचे बोल ड्रम्सवर कसे नेतात? ‘ना’ म्हणजे स्नेअरचा कडेवरचा ठोका, ‘गे’ म्हणजे बेस ड्रम, ‘धा’ म्हणजे दोन्ही एकदम, इथपर्यंत सोपं आहे. अडतं ते डग्ग्याच्या घिश्श्यापाशी, म्हणजे तळहात दाबून सूर सरकवण्यापाशी, कारण पेडलनं सूर सरकत नाही. त्यावर उपाय फ्लोअर टॉमचा: एका हातानं ठोका मारायचा आणि दुसऱ्या हाताचं कोपर कातड्यावर दाबत मध्याकडे न्यायचं. ताण वाढतो, सूर चढतो. कोपर आधीच टेकलेलं असेल तर ठोका बद्द येतो, म्हणून आधी ठोका, मग दाब.

आणि बादली! ठोका दिलेली झांज किंवा गाँग पाण्यात बुडवून काढायची ही गुर्टूंची ओळख झालेली गोष्ट. यामागचं कारण साधं आहे. थरथरणाऱ्या धातूला आता सोबतचं पाणीही हलवावं लागतं, वजन वाढल्यासारखं होतं, कंपनं मंदावतात आणि सूर खाली घसरतो. बाहेर काढली की पुन्हा वर चढतो. तोंडाला रुंद अशी प्लास्टिकची बादली घ्या, दोन तृतीयांश भरा, खाली जाड टॉवेल घाला. झांज हवेत असताना ठोका द्या, मग कड दोन-तीन इंच हळू उतरवा. एकदम बुडवली तर आवाज तिथेच मरतो. बादलीच्या काठाला लागली तर खण्णकन वाजते आणि सगळं मुसळ केरात. माइक वरून लावायचा, वायरी बादलीच्या विरुद्ध बाजूनं न्यायच्या. पाणी तबल्याच्या बाजूला तर अजिबात नको. ओल लागली की पुडी उतरते, मधली काळी शाई भिजली तर ती सुटायला लागते, आणि मग हातोडीनं बाजूचे लाकडी गठ्ठे कितीही ठोका, तो तबला त्या रात्री सुरात येत नाही.

कारकिर्दीचे टप्पे भराभर सांगतो. १९७० च्या दशकात युरोप, तिथे ‘एम्ब्रियो’ हा जर्मन रॉक बँड आणि ट्रंपेटवादक डॉन चेरी. १९८४ मध्ये तालवादक कॉलिन वॉलकॉट अपघातात गेल्यावर ‘ओरेगॉन’ या अमेरिकी जॅझ संचात त्यांच्या जागी. १९८८ साली ‘उस्फ्रेत’ हा स्वतःचा अल्बम, त्यात आईचा आवाज आहे. पुढे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनचा तिघांचा संच, ‘क्रेझी सेंट्स’ (१९९३) हा अल्बम, झाकीर हुसेन यांच्यासह ‘तबला बीट सायन्स’ हा संच. ‘ब्रोकन ऱ्हिदम्स’मध्ये (२००४) रॉक-ब्लूजचा गिटारवादक गॅरी मूर आणि रशियातल्या तुवाचे, एकाच गळ्यातून दोन सूर काढणारे कंठगायक एकाच अल्बममध्ये आहेत. इतके वेगळे लोक जमतात, कारण गुर्टू कुणालाही भारतीय ठेक्यावर यायला लावत नाहीत. ते समोरच्याची मात्रा धरतात आणि हिशेब आपला करतात.

तो हिशेब तिहाईत दिसतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्यात. कोन्नक्कोलमधला, म्हणजे तोंडानं ताल म्हणण्याच्या दक्षिण भारतीय पद्धतीतला, पाच अक्षरांचा तुकडा घ्या: त दि गि न तोम. एका मात्रेला एक अक्षर, समेपासून सुरू. पहिला तोम पाचव्या मात्रेवर, एक मात्रा गप्प, दुसरा तोम अकराव्यावर, पुन्हा एक मात्रा गप्प, तिसरा तोम सतराव्यावर. सोळा मात्रांचा तीनताल असेल तर सतरावी म्हणजेच सम. रॉकच्या चार-चारच्या मोजणीत हे चार मात्रांचे चार बार होतात आणि शेवटचा तोम पाचव्या बारच्या ‘एक’वर, क्रॅशवर पडतो. दुगुनीत दोन बारांत बसतं, चौगुनीत एकाच बारात. ड्रमर चुकतात ते मधल्या गप्प मात्रेत. हात रिकामा राहवत नाही, ती मात्रा गिळली जाते आणि शेवटचा तोम पंधराव्या मात्रेवर येऊन पडतो. म्हणून आधी हातात काठ्या न घेता तोंडानं म्हणा, टाळी देत, गप्प मात्रेवरही टाळी चुकवू नका. दहा-बारा वेळा तिसरा तोम बिनचूक समेवर आला की मग पायानं बेस ड्रमवर नुसत्या मात्रा धरा आणि तोंडचा तुकडा स्नेअरवर उतरवा.

हे कानानं पकडायचं असेल तर मॅक्लॉफ्लिन आणि बेस गिटारवादक काई एकहार्ट यांच्याबरोबरचं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधलं १९८९ चं ध्वनिमुद्रण लावा. हेडफोन लावून ऐका. गिटार आणि ड्रम्स थांबतात आणि मॅक्लॉफ्लिन व गुर्टू दोघं नुसत्या तोंडानं बोल म्हणायला लागतात, तिथे पायानं मात्रा धरून बसा.