दाढीचा काप आणि आईचा कान

दाढी करताना कापलं म्हणून माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. लोक येतात ते नंतर, आरशात डाग दिसायला लागला की. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूरकडे दवाखाना आहे. गाडीच्या शोरूममध्ये नोकरी करणारा एक तरुण आईला घेऊन आला, तेव्हा त्याच्या कापाला तीन आठवडे होत आले होते. सलूनमध्ये वस्तरा निसटून डाव्या जबड्याच्या कोपऱ्यावर लागला होता. जखम जेमतेम अर्ध्या पेराची.

चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. दाढीचा साधा काप पाच-सात दिवसांत मिटतो आणि वरवरचा असेल तर मागमूसही ठेवत नाही. इथे मात्र मधोमध ओली खपली होती, खाली लाल, टणक रेघ आणि भोवती काळपट पट्टा.

"काय काय लावलंस?"

"लई काय काय, मॅडम."

आईनं पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. सलूनवाल्यानं तुरटी घासली होती. तुरटीनं रक्त थांबतं हे खरं, पण तोच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरतो. घरी आल्यावर पाणी न घालता जंतुनाशक ओतलं, मग टूथपेस्ट, मग हळद. काळं दिसायला लागल्यावर लिंबू चोळून तो उन्हात कामावर गेला. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं आणि डाग आणखी गडद होतो. शेवटी मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब. त्यात स्टेरॉइड होतं. उघड्या जखमेवर ते लावलं की जखम भरायला वेळ लागतो आणि कातडी पातळ होते. शिवाय कामावर गुळगुळीत दाढी हवी, म्हणून रोज सकाळी त्याच जागेवरून ब्लेड. खपली रोज नव्यानं निघत होती.

आपल्या सावळ्या कातडीत जळजळ जितके दिवस टिकते तितका रंग साठतो. पात्याच्या कापापेक्षा नंतरच्या उपचारांनीच जास्त डाग पडलेले मी बघत आले आहे, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ते सगळं मायेपोटी केलेलं असतं.

मी जखम धुवायला वाकले तेव्हा आईही बघायला पुढे झाल्या आणि त्यांचा पदर सरकला. उजव्या कानाच्या पाळीला सुपारीएवढी गुळगुळीत गाठ होती. त्यांनी पटकन पदर ओढून घेतला.

"काकू, हे कधीपासून?"

"कान टोचले तवापासनं. जाऊ दे, माझं काय घेऊन बसलाय, पोराचं बघा."

पण पोराचं बघायचं तर तो कान बघणं भाग होतं. ते केलॉइड होतं. जखम भरताना शरीर नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, तयार करतं. काही घराण्यांत ते थांबायचं नावच घेत नाही आणि व्रण मूळ जखमेच्या बाहेर वाढत जातो. छाती, खांदे, कानाची पाळी आणि जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. मी मुलाला विचारलं, रेघ खाजते का? "रात्री लई खाजती." मग काळा डाग बाजूला राहिला. मला चिंता त्या टणक रेघेची होती.

पिशवीतलं सगळं बंद केलं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना ते विचारलं, आणि सलूनमधलं पातं नवं होतं का तेही. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही रक्तातून पसरतात, म्हणून पातं आपल्या डोळ्यांसमोर बदलून घ्यावं. रोज साध्या पाण्यानं धुणं, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर छोटी पट्टी. एवढंच का, म्हणून मायलेक दोघंही नाराज दिसले. "वाळू द्यायची नाही? हवा लागायला नको?" हा प्रश्न मला रोज येतो. जॉर्ज विंटर या संशोधकांनी 1962 साली डुकरांवर दाखवून दिलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगानं येते. वाळलेल्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते, ओलाव्यात त्या सरळ सरकतात. दाढी बंद ठेवायची म्हणून शोरूमच्या साहेबांसाठी चिठ्ठी दिली, ती त्यांनी मानली.

जखम आठवड्याभरात मिटली. मग उन्हासाठी सनस्क्रीन आणि रेघेवर सिलिकॉन जेल. ते उघड्या जखमेवर लावायचं नसतं, कातडी जुळल्यावरच. तरी पुढच्या खेपेला रेघ किंचित उंचावलेली लागली, तेव्हा मी बारीक सुईनं व्रणातच थोडं स्टेरॉइड सोडलं. काकूंनी लगेच अडवलं, "ट्यूब बंद करा म्हणाला, आन् आता त्येच टोचताय?" प्रश्न अगदी रास्त होता. उघड्या जखमेला भरून यायला जे अडवतं, तेच औषध मिटलेल्या जखमेत वाजवीपेक्षा जास्त वाढणाऱ्या कोलॅजनला आवर घालतं. कुठे, कधी आणि किती, यावर सगळं आहे.

काही महिन्यांत रेघ सपाट झाली आणि खाज गेली. काळा पट्टा फिकट होत गेला. त्याला वेळ लागतोच, व्रण वर्षभर आतून बदलत असतो. आता तो केसांच्या दिशेनं, एका जागी एकदाच पातं फिरवून दाढी करतो.

त्याच्या शेवटच्या खेपेला काकू खुर्चीत बसून राहिल्या. मुलगा उठला तरी त्या उठल्या नाहीत. "माझंबी व्हतंय का काय?" त्यांनी पदर बाजूला केला. मी सांगितलं, नुसती गाठ कापली तर ती पुन्हा येण्याची, कधी आधीपेक्षा मोठी होण्याची भीती असते, म्हणून कापल्यावर इंजेक्शनं घ्यावी लागतील आणि कानाला दाब देणारी क्लिप कित्येक महिने लावून ठेवावी लागेल. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, क्लिप लावून शेतात जाता येईल का. येईल, म्हटलं. पुढच्या आठवड्यातली तारीख त्यांनी स्वतःच मागून घेतली.