डाळिंबी हिवाळा

२० फेब्रुवारी २०२४

मंगळवार संपून अर्धा तास उलटला. लेक आत्ता कुठे झोपली. गळ्यातला डाळिंबी मफलर काढू देईना, म्हणून तसाच राहू दिला. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न अजून वाजताहेत. या गावात रात्री दहानंतर खुर्ची सरकवायचीही मला धास्ती वाटते, आणि आज आमच्या गल्लीत एकही खिडकी बंद नाही.

आमच्या गावच्या जिनिव्हा-सर्व्हेट क्लबने स्वीडनच्या शेलेफ्तेओला ३-२ असं हरवलं. आइस हॉकीच्या चॅम्पियन्स लीगचा चषक इथेच राहिला. ही स्पर्धा २०१४ साली आजच्या रूपात सुरू झाली, तेव्हापासून चषक कायम स्वीडन नाहीतर फिनलंडलाच गेला होता: लुलेओ, जेवायपी, रोग्ले, तप्पारा आणि तब्बल चार वेळा फ्रोलुंडा. तिसऱ्या कुठल्या देशाचा नंबर आज पहिल्यांदा लागला.

सामना संपला तेव्हा लेक ओरडली, "आई, आपण जिंकलो!" मी म्हणाले, "हो गं, जिंकले."

तिने चमकून पाहिलं. त्या क्षणी काही बोलली नाही, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. इथली माणसं 'ऑं आ गान्ये' म्हणतात. त्या 'ऑं'मध्ये कोण आलं, कोण राहिलं, ते ज्याचं त्याने ठरवावं. मराठीत तशी मोकळीक नाही. 'आम्ही' म्हणायचं की 'आपण', हे बोलणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं, आणि 'आपण' म्हटलं की समोरच्याला हाताला धरून आत घ्यावं लागतं. पाच वर्षं इथे राहून माझ्या तोंडून 'जिंकले'च निघालं. सहावीतली पोर सहज 'आपण' म्हणून गेली.

खरं तर या क्लबाशी माझी ओळख जेमतेम दहा महिन्यांची. गेल्या वर्षी २७ एप्रिलला असाच गोंगाट झाला होता. तेव्हा मला काही पत्ता नव्हता, मोर्चा आहे की काय म्हणून मी बाल्कनीत गेले. शेजारच्या आजी दारात उभ्या राहून रडत होत्या. काहीतरी वाईट झालं असं वाटून मी धावले, तर त्यांनी मला मिठीच मारली. सर्व्हेटने अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यात बीएल या संघाला ४-१ असं हरवून देशाचं अजिंक्यपद मिळवलं होतं. क्लब १९०५ सालचा. ११८ वर्षांत पहिलं अजिंक्यपद. सर्व्हेट जिथे खेळतो ती व्हेर्नेची रिंक १९५८ साली उघडली तेव्हा आजी बारा वर्षांच्या होत्या, तेव्हापासून त्या वाट पाहत होत्या.

अजिंक्य संघ म्हणून सर्व्हेटला चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळाला, आणि आम्हा दोघींना तिथूनच दार उघडलं. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण या स्पर्धेला इथे कुणी फारसं विचारत नाही. आजीसुद्धा म्हणायच्या, ऑगस्ट-सप्टेंबरमधले ते सामने म्हणजे खऱ्या मोसमाआधी अंग मोकळं करायला. देशातल्या लीगच्या सामन्यांना प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षं ठरलेली, शेजारी कोण बसणार तेही ठरलेलं. त्या गर्दीत मी पाऊल टाकलं नसतं. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी अकासियाच्या थांब्यावर ट्राममधून उतरून आम्ही आर्व्ह नदीकाठी चालत गेलो, तर अर्धं स्टेडियम रिकामं. कुठेही बसा. लेकीने थेट काचेला नाक लावलं. बाहेर लोक अजून बाहीशिवायच्या कपड्यांत हिंडत होते आणि आत आम्ही स्वेटर घालून कुडकुडत होतो.

रंग आधी नजरेत भरला. इथे त्याला 'ग्रना' म्हणतात. लेकीने शाळेत शिकलेलं सांगितलं, 'ग्रनाद' म्हणजे डाळिंब, त्यावरूनच तो शब्द. म्हणजे डाळिंबी! आईच्या कपाटात याच रंगाची इरकल आहे. मग दिवे मंदावले आणि छताखालून एक खराखुरा गरुड, पांढऱ्या डोक्याचा, पंख पसरून बर्फावरून तरंगत आला आणि मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर अलगद उतरला. जिनिव्हाच्या राजचिन्हातच अर्धा गरुड आहे, तो असा उडत येईल असं वाटलं नव्हतं. त्याचं नाव शेरकान. मी घरी फोनवर सांगितलं तर सगळ्यांनी 'शेरखान'च ऐकलं, आणि आता आमच्या घरी तेच नाव रूढ झालंय.

खेळ मात्र पहिले दोन सामने मला दिसलाच नाही. दिसला नाही म्हणजे अक्षरशः. पक कुठे आहे ते कळायच्या आत लोक उभे राहिलेले असत. व्हल्कनाइज्ड रबराची ती चकती, वजन १७० ग्रॅमच्या आसपास, फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवलेली. त्यात हे खेळाडू बदलणं. खेळ चालू असतानाच तिघे कठडा ओलांडून आत, तिघे बाहेर, पाऊण मिनिटात पुन्हा दुसरे तिघे. शिट्टी नाही, थांबणं नाही. मला काही टोटल लागेना.

उलगडा सांगलीहून झाला. अप्पा शाळेत पीटीचे सर होते, चाळीस वर्षं खो-खो शिकवला. मी त्यांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन. "अगं, तिघांची तुकडी आहे ही. बचावाला आपण तीन-तीन सोडतो तसं. दम असेपर्यंत जीव खाऊन पळायचं आणि वेळेवर बाहेर यायचं. तू चेंडू बघू नकोस, कोण कधी आत येतो ते बघ." त्यानंतर मी पक शोधणं सोडून दिलं आणि कठड्याकडे बघायला लागले. तेव्हा कुठे सामना दिसू लागला. दमलेली तुकडी आपल्याच भागात अडकली, बाहेर पडायला वाव नाही, समोर ताजे पाय आलेत, की गोल होणार हे आता मला आधी कळतं. अप्पांना चौथ्या तुकडीची काळजी फार. त्यांना इतकं कमी का खेळवतात, पोरं थंड पडतील, हा त्यांचा कायमचा मुद्दा. पॉवरप्ले मात्र त्यांना पटवून द्यावा लागला, कारण तो शब्द त्यांच्या डोक्यात क्रिकेटचा. इथे समोरचा गडी आगळीक करून दोन मिनिटं कोंडवाड्यात बसतो आणि त्याचा संघ एकाने कमी होतो.

या वर्षी स्पर्धेची रचनाच नवी होती. चोवीस क्लब, गट नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच तक्ता. प्रत्येकाला सहा वेगवेगळ्या संघांशी सहा सामने, वरचे सोळा पुढे. फुटबॉलची चॅम्पियन्स लीग पुढच्या मोसमापासून अशीच होणार आहे म्हणे. मला यातलं आवडलं ते एवढंच, की बेलफास्ट, कातोवित्से, कोशित्से अशी नावं स्वीडन-फिनलंडच्या बड्यांसोबत एकाच रांगेत आली. लेकीने फ्रिजवर नकाशा लावून टाचण्या खोचल्या. पुढे दोन-दोन सामन्यांच्या बेरजेने बाद फेऱ्या, आणि अंतिम सामना एकच, स्पर्धेत ज्याची कामगिरी सरस त्याच्या गावात. म्हणून तो आज इथे झाला.

लेकीचा लाडका खेळाडू म्हणजे फिनलंडचा साकरी मानिनेन. बर्फावरच्या धिप्पाड माणसांत हा जेमतेम पाच फूट सात इंचांचा, तिला त्याचं फार कौतुक. २०२२च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कॅनडाविरुद्ध जादा वेळेतला निर्णायक गोल त्याचाच. तो आणि तेमू हार्तिकाइनेन आधी रशियात उफाच्या संघात होते, हार्तिकाइनेन २०२२ साली इथे आला आणि हा त्याच्यामागून वर्षभराने. मला मात्र वाल्तेरी फिलप्पुलाला बघत राहावंसं वाटतं. पुढच्या महिन्यात चाळिशी पूर्ण करील. स्टॅनली कप, ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद, सगळं जिंकून झालेला माणूस, आणि सप्टेंबरच्या त्या अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये पक अडवायला स्वतः आडवा पडत होता. तिथे कोण बघणार होतं त्याला? आम्ही दोघी बघत होतो.

आजच्या सामन्याची तिकिटं मिळाली नाहीत. ज्या सामन्यांना कुणी येत नव्हतं तेव्हा आम्ही गेलो, आणि आज सगळं गाव आत आणि आम्ही बाहेर. लेक रडली. मग आजींनीच बोलावलं. मी शेंगदाण्याचे लाडू घेऊन गेले, त्यांनी चीज वितळवून ठेवलं होतं. तिसरा भाग सुरू झाल्यावर आजींनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. शेवटची काही मिनिटं मी पाहिली नाहीत. पाहवेना. खिडकीशी जाऊन उभी राहिले, पाठीमागे फ्रेंच समालोचक, त्याचा आवाज चढत गेलेला. आधी आजींची किंकाळी आली आणि मग लेकीचं ते 'आपण'.

एक वाजत आला.

२४ मार्च २०२४, होळी

दुपारी पुरणपोळ्या केल्या, पहिल्या दोन फाटल्या. आजींना दोन नेऊन दिल्या. त्या उदास होत्या. देशातल्या लीगची बाद फेरी चालू आहे आणि त्यात सर्व्हेट नाही. उपांत्यपूर्व फेरीच गाठता आली नाही. युरोपात पहिला नंबर आणि घरच्या लीगमध्ये ही गत. आजींचं म्हणणं, चषकाच्या नादात पोरं दमली. मला तसं वाटत नाही. लीगमध्ये ती पार शरद ऋतूपासूनच रखडत होती, सामने आम्ही बघत होतो की. आजींशी मी चांगली पंधरा मिनिटं वाद घातला, माझ्या तुटक्या फ्रेंचमध्ये.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला. तिकडे होळी पेटवून झाली होती, मागे पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"काय गं, तुझे डाळिंबवाले काय म्हणतात?"

"आपण हरलो, अप्पा," मी म्हणाले. "लीगमधून केव्हाच बाहेर पडलो."

लेक टेबलावर गृहपाठ करत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत वहीत घातली.

"मग आता?"

"आता सप्टेंबर. विजेते म्हणून चॅम्पियन्स लीगमध्ये जागा आहे."

"बरं," अप्पा म्हणाले. "त्या चौथ्या तुकडीला तेवढं जास्त पळवायला सांग."