मांजरपाटावरचा काळा रंग : मार्च ते मे

१२ मार्च

मखमलीचा कोट शेवटी उसवला. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवला होता. कापड पॉलिएस्टरचं, अस्तरही पॉलिएस्टरचंच. अमळनेरात तो जेमतेम डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अंगावर राहतो. बटणं आणि कॉलरची लेस काढून डब्यात ठेवली. नवा बेत असा : घोट्यापर्यंतचा सैल अंगरखा, बाराबंदीसारखा बंदांनी बांधायचा. कापड मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, शिलाई वडिलांच्या पायमशीनवर, रंग घरचा.

सैल का, ते सांगतो. वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे घालतात, त्यावर १९८० मध्ये शास्त्रज्ञांनी अभ्यास प्रसिद्ध केला होता. काळं कापड ऊन जास्त शोषतं हे खरंच, पण झगा सैल असेल तर ती जास्तीची उष्णता आत खेळणाऱ्या हवेबरोबर निघून जाते, कातडीपर्यंत पोचत नाही. खानदेशातल्या गॉथ माणसाने, म्हणजे काळे कपडे, काजळ आणि उदास रॉक संगीत यांत रमणाऱ्याने, हे पाठच करून ठेवावं. आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. त्यात अंगाला चिकटणारं काळं घालून फिरणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

१९ मार्च

पुडीच्या रंगाने पूर्वी दोन शर्ट रंगवले होते. तीन धुण्यांत जांभळट झाले. म्हणून या वेळी जुनी रीत धरली : हिरडा आणि लोखंड. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. कलमकारीतला काळा असाच होतो, हिरडा-हिराकसाची जुनी शाईही अशीच.

माठात गूळ, पाणी आणि गंजलेलं लोखंड घातलं : खिळे, मोडका विळा, सायकलची जुनी साखळी. तोंडाला फडकं बांधून माठ गच्चीवर सावलीत ठेवला. तीन आठवडे रोज कडुनिंबाच्या काडीने ढवळायचं. चौथ्या दिवसापासून फेस आणि आंबूस वास.

आजी वर आली, माठात डोकावली. मी पहिल्यांदा काळे कपडे आणि काजळ घालून तिच्यासमोर उभा राहिलो होतो, तेव्हा तिने विचारलं होतं, "कोन मरनं?" या वेळी तिने नुसता वास घेतला आणि म्हणाली, "आते व्हई काळं."

११ एप्रिल

पहिला नमुना वाया गेला. लोखंडाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवला, वाटलं जास्त वेळ म्हणजे जास्त काळा. वाळल्यावर ओढून पाहिला तर टर्रकन फाटला. लोखंड जास्त झालं की सुताचा जीव जातो.

दुसऱ्या खेपेला नीट केलं. पाच मीटर मांजरपाट, वजन ७२० ग्रॅम. आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून खळ काढली. १५० ग्रॅम हिरडा पूड रात्रभर भिजवली, त्यात कापड बुडवलं, न धुता सावलीत वाळवलं. कापड पिवळसर होतं, जुन्या पोथीच्या कागदासारखं.

मग गाळलेल्या लोखंडी पाण्यात ते सोडलं. कडा पाण्याला लागली तिथून करडी रेघ वर चढली आणि मी हाताने दाबेपर्यंत सगळा पन्हा पाटीच्या दगडासारखा झाला होता. पाच मिनिटांत बाहेर काढून दोरीवर टाकला. हवा लागली तसा तो आणखी गडद होत गेला. मी समोर उकिडवा बसून शेवटपर्यंत पाहत राहिलो. भरपूर पाण्यात धुऊन हाच फेरा आणखी दोनदा केला. आता रंग पहिल्या पावसानंतरच्या कपाशीच्या रानासारखा आहे. निळसर चमक नाही, खोल काळा. मला तो मखमलीपेक्षा आवडला.

२७ एप्रिल

बाह्या बेतल्या. शिवताना द सिस्टर्स ऑफ मर्सी या इंग्लंडच्या बँडची गाणी लावतो. त्यांचा ढोलकिया म्हणजे ड्रम मशीन आहे, नाव डॉक्टर ॲव्हलांच. पायमशीनची लय त्याच्याशी बरोबर जुळते.

मशीनवर बसलं की एक गोष्ट मनात येतेच. लंडनच्या सोहो भागात गॉथ मंडळींचा बॅटकेव्ह क्लब १९८२ मध्ये सुरू झाला, म्हणून गॉथ म्हटलं की सगळे लंडनकडे बघतात. पण सिस्टर्स लीड्सचे, म्हणजे लोकरीच्या गिरण्यांच्या शहरातले. बाउहाउस हा दुसरा बँड नॉर्दॅम्प्टनचा, ते तर बुटांचं गाव. आणि तयार गॉथ कपडे विकणारी दुकानं तेव्हा कुठे होती? फाटके मोजे, जुन्या बाजारातले कोट, घरची सुई, यातूनच हा वेष उभा राहिला. मी प्रताप मिल या कापड गिरणीच्या गावात मांजरपाट रंगवतो, तेव्हा कुणाची नक्कल करतोय असं मला वाटत नाही. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये आपल्या फैजपूरच्या छापील कापडाची आणि निळीची नोंद आहे. रंगाऱ्याचे काळेनिळे हात खानदेशाला नवे नाहीत.

४ मे

चुलत बहिणीची हळद. एका वडीलधाऱ्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, काळं घालून मांडवात येऊ नको. मी मरून रंगाचा झब्बा घातला, काजळ मात्र ठेवलं. रात्रभर मनाला लागून राहिलं. पण तिच्या हळदीच्या दिवशी भांडण नको होतं, आणि झब्बा बदलल्याने मी कुणी वेगळा झालो नाही.

भुसावळची आमची मैत्रीण पॅसेंजरमध्ये काळी लिपस्टिक ओढणीखाली झाकून बसते, उतरल्यावर ओढणी काढते. तिला "अर्धवेळ गॉथ" म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या लँकशायरमध्ये सोफी लँकेस्टर या २० वर्षांच्या मुलीला केवळ तिच्या वेषावरून मारहाण झाली आणि त्यात तिचा जीव गेला. कुठे झाकायचं, कुठे उघडं ठेवायचं, हे जिचं तिने ठरवावं.

(काजळाबद्दल : आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं धरून काजळी धरते. उन्हाळ्यात ती काजळी कालवताना तूप अगदी थेंबभर घ्या आणि वरून पावडर दाबा. संध्याकाळपर्यंत टिकतं.)

२२ मे

जागतिक गॉथ दिन. आम्ही तिघं, धुळ्याचा एक, भुसावळची एक आणि मी, ऊन उतरल्यावर पारोळ्याच्या किल्ल्याशी भेटलो. अंगरखा पहिल्यांदा बाहेर घातला. वारा बगलेतून आत शिरत होता, पाठ कोरडी होती. जुन्या कोटाची लेस मानेशी लावली आहे, बटणं बाह्यांना. उजव्या बाजूचे दोन बंद आखूड झालेत, ते बदलायचे. धुळेकराने कापड बोटांत चोळून पाहिलं, बोटं स्वच्छ राहिली. त्याला माठातलं पाणी बाटलीत भरून दिलं.

घरी आलो तर आजीने पेटीतून तिची चंद्रकळा काढून ठेवलेली. चाळीस संक्रांती नेसलेली, आता विटून राखाडी झालेली. तिला ती पुन्हा काळी करून हवी आहे. अडचण काठाची आहे : काठ लाल, आणि लोखंडाचं पाणी लागलं की तो मळकट तपकिरी होणार. नऊवारीचा पूर्ण काठ गुंडाळून, प्लॅस्टिक लावून दोऱ्याने आवळायचा विचार आहे. आधी जुन्या धोतराच्या काठावर करून बघतो. कुणी काठ वाचवून लुगडं रंगवलं असेल तर दोरा कोणता वापरला, तेवढं सांगा.