खंड्यानं आज सुट्टी वसूल केली

सकाळी सहाला भाच्याला घेऊन नागपूरच्या गोरेवाडा तलावावर गेलो. थंडी अशी की स्वेटरवर मफलर गुंडाळूनही नाक गारच. पोट्ट्याचा एकच धोशा, "मामा, बिबट दिसन का?" बिबट कुठला दिसतो! पण काठावरच्या वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. तपकिरी डोकं, पांढरी छाती, लालभडक चोच. हा पठ्ठ्या नुसत्या मासोळ्यांवर जगत नाही. सरडे, नाकतोडे, बेडूक, सगळं चालतं. म्हणून तर आमच्या गल्लीतल्या विजेच्या तारेवरही दिसतो.

खरी मजा केली कवड्यानं, म्हणजे खंड्याच्याच एका भाऊबंदानं. काळा-पांढरा, अंगावर एक रंग नाही. पाण्याच्या वर हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबला, मान खाली, डोकं जरा म्हणून हलत नाही. मग सरळ सूर! पहिले दोन रिकामे. तिसऱ्याला चोचीत मासोळी. भाचा ओरडला, "हेलिकॉप्टर आहे बे हा!" बिबट तिथंच विसरला.

तिसरा भाऊबंद, छोटा धीवर, मात्र निळी रेघ ओढल्यासारखा गेला, फोटो फक्त पाण्याचा आला. त्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच, पिसांच्या रचनेमुळे प्रकाश तसा विखुरतो. हे सांगितलं तर भाचा म्हणे, "मामा, काहीही सांगून राहिला."

आता त्याला तिबोटी खंड्या पाहायचाय. तो पावसाळ्यात कोकणात. म्हणजे माझ्या खिशाला चाट. तूर्तास तर्री-पोह्यांवर मांडवली झाली आहे.