हातभर दांड्याचं अवजार

आमच्या तासगावच्या बागेत बेदाणा शेडमध्ये, जाळीच्या रॅकवर, सावलीत वाळतो. इथे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत द्राक्षं वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद पसरून थेट उन्हात टाकतात. वाण मात्र तेच, थॉम्पसन सीडलेस. पहिल्या वर्षी गाडी थांबवून बघत बसलो होतो. द्राक्षं वेलीवरून कागदावर आणणारे हात जवळजवळ सगळे मेक्सिकन.

ती त्यातल्याच एका घरातली. जन्म इथला, आईवडील मेक्सिकोतल्या मिचोआकानचे. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात, ती माझ्या सांख्यिकीच्या वर्गात होती आणि मला ‘प्रोफे’ म्हणायची. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. पण घरातली कागदपत्रं ती बाराव्या वर्षापासून सांभाळतेय. वडिलांचा टॅक्स, आईच्या डॉक्टरची भाषांतरं, पुढे स्वतःच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. आपल्याकडे थोरल्या मुलीवर घर पडतं, तसंच, फक्त दोन भाषांत. शिकायला म्हणून आलेला माझ्यासारखा माणूस ‘मीही घरातला पहिलाच पदवीधर’ असं पटकन म्हणून जातो. मीही म्हणालो. पण माझ्या आईला दवाखान्यात काय सांगितलं, हे मला कधी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

वर्गाच्या प्रकल्पासाठी तिने आईच मोजली. बेदाण्याच्या हंगामात मजुरी कागदामागे मिळते, एका कागदावर साधारण नऊ किलो द्राक्षं. तासाला किती कागद आणि तेव्हा तापमान किती, असा तक्ता तिने तीन आठवडे लिहिला. ऊन चाळिशीकडे गेलं की आकडा घसरायला हवा होता, पण तो फारसा घसरत नव्हता. कॅलिफोर्नियात 2005 पासून उन्हात काम करणाऱ्यांसाठी सावली, पाणी आणि विश्रांतीचे नियम आहेत. पण कागदामागे पैसे मोजले जात असतील तर सावलीत कोण बसेल? आलेखाखाली तिने लिहिलं होतं, ‘आई थांबत नाही.’ मी त्यावर लाल पेनने ‘कारण?’ असं लिहिलं. आता त्याची लाज वाटते.

कारण सांगायला ती ऑफिसात आली, सोबत आजोबांचं अवजार घेऊन. दांडा जेमतेम हातभर. आपलं खुरपं आणि कुदळ यांच्या मधलं काहीतरी. त्याला ‘एल कोर्तितो’ म्हणतात, म्हणजे छोटुकलं. 1942 ते 1964 या काळात मेक्सिकोतून कराराने मजूर आणायची ‘ब्रासेरो’ योजना होती. आजोबा तिच्यातूनच आले आणि सलीनासला लेट्यूसची विरळणी करायला लागले. आपल्या बायका खुरपताना निदान खाली बसतात. इथे दिवसभर उभं राहून कंबरेत दुमडायचं. लांब दांडा दिला तर पीक बिघडेल, असं मालक सांगायचे. मजुरांचं म्हणणं वेगळं होतं: कोण पाठ सरळ करतोय, हे मुकादमाला लांबून दिसावं म्हणून दांडा आखूड. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी आली ती 1975 साली. आजोबांची पाठ तोवर गेलेली.

मला वाटलं, आता ही म्हणणार, शेती नको. आपल्याकडची पोरं म्हणतात तशी. तिच्या आईचंही तेच म्हणणं, ‘मिहा (पोरी), एसीत बस.’ पण हिला शेतीची अवजारं बनवायची होती. “आजोबांची पाठ दांड्याने घालवली, प्रोफे. दांडा कुणीतरी ठरवला होता ना?”

सॅन लुईस ओबिस्पोच्या विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीला तिचा नंबर लागला. घरापासून अडीच-तीन तास. मुलीने एवढ्या लांब राहायचं, यावरून महिनाभर धुसफूस. वडील हो-नाही काहीच बोलत नव्हते. मग एके दिवशी त्यांनी तिच्या गाडीचे टायर बदलून आणले.

पदवीच्या कागदावर आडनाव कुठलं छापायचं, हा आणखी एक घोळ. मेक्सिकोत वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावतात. अर्जात चौकोन एकच. माझ्या वडिलांचं अख्खं नाव या देशात एका अक्षरात आटपलंय, त्यामुळे मी तिच्या बाजूने जरा जास्तच तावातावाने भांडलो. दोन्ही आडनावं छापली गेली.

मेमध्ये फोटो काढायला तिने मलाही मळ्यात बोलावलं. इथे ही पद्धतच झालीय, पदवीचा झगा घालून आईवडिलांसोबत शेतात उभं राहायचं. तिला आई कामाच्या कपड्यांत हवी होती, डोक्याला रुमाल आणि वर टोपी. आईने साफ नकार दिला. “त्या कपड्यांत मला रोज बघतेस की.” ती निळा झगमगता ड्रेस आणि उंच टाचा घालून आली. टाचा वाळूत रुतत होत्या, आणि मायलेकी एकमेकींवर चिडलेल्या.

तोवर वडील माझ्यापाशी आले. म्हणाले, तुमच्याकडे बेदाण्याला काय भाव? मी रुपये-किलोत सांगितला. त्यांनी तो डॉलर-पौंडात मागितला. दोघं मोबाइल काढून गुणाकार करत बसलो.