जोडी आहे ना, मग मधे जाळी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी येणारं जवळपास प्रत्येक माणूस हॉलमधल्या टँकसमोर थांबतं आणि हेच विचारतं. चार फुटी टँक, त्यात दोनच एंजल मासे, आणि दोघांच्या मधे प्लॅस्टिकची पांढरी जाळी. "जोडी आहे म्हणता ना, मग नवरा-बायकोला वेगळं का ठेवलंय?" मी "भांडतात हो" म्हणून विषय संपवते, समोरचा हसतो आणि ते हसणं मला लागतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आधी एक, नावावर जाऊ नका. एंजल हा सिक्लिड कुळातला मासा आहे, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न या भांडखोर माशांच्या भावकीतला. फ्लॉवरहॉर्न एकटा ठेवायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण एंजलचे लांब पंख आणि ती संथ चाल बघितली की माणूस फसतो. मीही फसले.

कुर्ल्याहून सहा पिल्लं आणली होती, रुपयाच्या नाण्याएवढी. दुकानदाराने सांगितलं ते बरोबरच होतं, सहा घ्या, मोठे झाले की जोडी आपली आपण जमते, उरलेले परत आणून द्या. नर कुठला मादी कुठली हे लहानपणी कळतच नाही, अंडी द्यायच्या वेळी पोटाखाली नळी दिसते तेव्हा कळतं, नराची बारीक टोकदार, मादीची जाड बोथट. कधी कधी तर दोन माद्याच जोडी करून अंडी घालतात. नऊ-दहा महिन्यांनी काळा आणि चंदेरी अशी जोडी जमली, तिघं परत दिले आणि एक मार्बल, म्हणजे काळ्या-पांढऱ्या नक्षीचा एंजल, ठेवून घेतला, कारण लेकीचा तो लाडका होता, काचेला बोट लावलं की बोटामागे यायचा. म्हणजे उरले तीन. आणि एंजलमध्ये तीन हा सगळ्यात वाईट आकडा. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाचलेलं होतं. वाटलं तीन फुटी टँक आहे, दीड फूट उंची आहे, एकशेनव्वद लिटर पाणी आहे, होईल सगळं नीट.

सोमवारी संध्याकाळी जोडीने फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली. दोनेकशे तरी असतील, एकाखाली एक ओळीत, मोहरीपेक्षा लहान, आरपार दिसणारी. दोघं आळीपाळीने पंखाने वारा घालत होते, एखादं पांढरं पडलं की तोंडाने उचलून काढत होते. मी स्वयंपाक अर्धा टाकून बघत बसले होते. आणि मार्बल उजव्या कोपऱ्यात, पार वर, हीटर आणि काचेच्या मधल्या फटीत.

मंगळवारी त्याची शेपटी फाटलेली दिसली. अंगावरचे काळे पट्टे फिके पडलेले, डोकं खाली करून तिरका लटकल्यासारखा. ब्लडवर्म, म्हणजे माशांना घालायच्या लाल अळ्या, टाकले तर वरच्या वर आलेली अळीही त्याने घेतली नाही, कारण जरा हलला की काळा सरळ अंगावर जायचा. काळा एवढ्या जोरात जायचा की काचेवर टक्क आवाज यायचा.

सासूबाई दुपारी टँकसमोरच बसतात. बुधवारी त्या म्हणाल्या, "अगं, याला मारून टाकतील ते. काढ ना त्याला." मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आई, असं असतं त्यांच्यात, प्रत्येकाची पायरी ठरते, मग शांत होतात." बाल्कनीत चाळीस लिटरचा टब रिकामा होता. टँकमध्येच जास्तीचा स्पंज फिल्टर चालू होता, तो उचलून टबात टाकला असता तर पाणी सांभाळलं गेलं असतं. दहा मिनिटांचं काम. मी केलं नाही, कारण टँकमध्ये जाळं घातलं की जोडी बिथरते आणि अंडी खाते. मला अंडी हवी होती. सासूबाईंना मी जे सांगितलं ते खरं कारण नव्हतंच. नव्या जोड्या पहिली अंडी बहुतेक वेळा खाऊनच टाकतात हेही मला माहीत होतं, तरीसुद्धा.

गुरुवारी सकाळी लाइट लावला तर पाइप स्वच्छ. एक अंडं नाही. मार्बल खाली खडीवर आडवा, एका बाजूचे खवले गेलेले, डोळा पांढरा. काळा अजूनही मधूनमधून येऊन त्याला टोचत होता. लेक शाळेला निघाली होती, तिने बघितलं. ती काही बोलली नाही, बूट घालत राहिली. संध्याकाळी मी पेरूच्या कुंडीत पुरला तेव्हा तिने विचारलं, "आजीने सांगितलं होतं ना?"

ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाण्यात बुडालेली झाडं, मुळं, फांद्या असतात, हरलेला मासा तिथून निघून जातो, विषय संपतो. काचेच्या पेटीत हरलेल्याला जायला जागाच नसते, मग जिंकणारा थांबत नाही. टँकमध्ये भांडणात मासे मरतात ते बहुतेक यामुळे. दोघं तोंडात तोंड घालून ओढाओढी करतात ते दिसायला भयंकर असतं, पण ते बरोबरीचं असतं, बहुतेक वेळा सुटतं. एकतर्फी पाठलाग, आणि पळणारा वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला, की त्याला काढायचाच. त्याच दिवशी.

आता जाळीचं. मार्बल गेल्यावर पंधरा दिवसांत काळा चंदेरीच्या मागे लागला. तोवर दोघांचा मिळून एक शत्रू होता म्हणून जोडी घट्ट होती, शत्रू संपला तसा राग घरात आला. टँकमधल्या ड्रिफ्टवूडची, म्हणजे लाकडाच्या ओंडक्याची, जागा बदलली, वॅलिसनेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती दाट लावली म्हणजे एकमेकांना सतत दिसायला नको, चार दिवस फरक पडला. मग टँक मोठा केला, चार फुटी. तरी एका सकाळी ती त्याच वरच्या कोपऱ्यात दिसली, आणि दुपारच्या आत मी जाळी आणून बसवली. त्यावरही लोकांचं म्हणणं असतं की तिसरा एक आणून सोडा, दोघं त्याच्या मागे लागतील आणि आपसात गोडीने राहतील. होतं तसं, खोटं नाही. मी करणार नाही.

पूर्वी मीच लोकांना सांगायचे की पाच-सहा ठेवा, राग वाटला जातो, एकावर पडत नाही. पिल्लांपुरतं ते आजही बरोबर आहे. पण जोडीने अंडी घातली की ती अर्धा टँक बळकावते आणि बाकीचे चार काय, सहा काय, सगळे उरलेल्या अर्ध्यात. हे मी त्या सांगण्यात कधी जोडलं नाही. कुणाच्या घरी काय झालं असेल मला माहीत नाही.

आणि जाळी बरोबर आहे का, तेही मला सांगता येत नाही. गेल्या महिन्यात चंदेरीने जाळीला लागूनच्या काचेवर अंडी घातली. काळा पलीकडून जाळीला तोंड लावून रात्रभर वारा घालत होता. बहुतेक अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडली, थोडी राहिली, तीही तिने खाल्ली. लेक म्हणते काढून टाक ना आता. सासूबाई म्हणतात अजिबात नको.

रविवारी मी जाळी काढते आणि खुर्ची टाकून समोर बसते, टब भरलेला, जाळं हातात. परवा वीस मिनिटं दोघं शेजारी शेजारी फिरले, अंगाला अंग लावून. मग काळ्याने पंख ताठ केले आणि मी जाळी परत खाली सोडली.